ठिपके गेले म्हणून औषध थांबवू नका: टाकीतल्या माशांचा व्हाइट स्पॉट मुळापासून कसा काढायचा

थंडी पडायला लागली की ओळखीपाळखीतून मला एकाच प्रकारचे फोटो येतात. माशाच्या अंगावर रवा भुरभुरवल्यासारखे पांढरे ठिपके, आणि खाली मजकूर: "औषध टाकलं होतं, चार दिवसांत गेले, आता दुप्पट आलेत." तोवर दोन बाटल्या बदलून झालेल्या असतात, सगळं पाणी उपसून झालेलं असतं, कुणी कुणी तर खडीही उकळलेली असते.

औषध बहुतेक वेळा ठीकच असतं. चुकतो तो दिवसांचा हिशेब, आणि त्याआधी रोगाची ओळख. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. हे सगळं गोड्या पाण्याच्या टाकीसाठी आहे. समुद्री माशांचा व्हाइट स्पॉट वेगळ्याच जीवामुळे होतो, त्याला हे लागू नाही.

आधी हे चक्र डोक्यात बसवा

हा रोग करणाऱ्या एकपेशीय परजीवीचं नाव इक्थियोफ्थिरियस मल्टिफिलिस. हौशी लोक नुसतं 'इक' म्हणतात. त्याचे मुक्काम तीन.

पहिला मुक्काम माशाच्या कातडीत किंवा कल्ल्यांत. परजीवी वरच्या थराखाली बसून वाढतो आणि आपल्याला ठिपका दिसतो. माशाच्याच कातडीचं पांघरूण असल्यामुळे पाण्यात टाकलेलं औषध तिथे पोचत नाही.

दुसरा मुक्काम तळाशी. पूर्ण वाढला की (तेव्हा तो साधारण एक मिलिमीटरपर्यंत असतो) तो माशावरून सुटतो, खडीला, पानाला, काचेला, फिल्टरच्या नळीला चिकटतो आणि स्वतःभोवती चिकट कोष करून घेतो. त्या कोषात एकाचे शेकडो होतात, कधी हजाराच्या घरातही जातात. इथेही औषध फारसं चालत नाही.

तिसरा मुक्काम उघड्या पाण्यात. कोष फुटून पिल्लं बाहेर पडतात आणि मासा शोधत पोहतात. दिवस-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. मीठ, मॅलाकाइट ग्रीन, तांबं, काहीही वापरा, त्याचा मारा याच अवस्थेवर होतो.

आता ते "चार दिवसांत गेले" पुन्हा वाचा. ठिपके मेले नव्हते, पिकून तळाशी गळले होते. औषध न टाकताही त्याच सुमारास गेले असते. नेमकी पिल्लं बाहेर पडायची वेळ आली आणि आपण बाटलीचं झाकण लावून मोकळे झालो.

चक्राचा वेग पाण्याच्या तापमानावर ठरतो. २५-२६ अंशांना एक फेरा साधारण चार ते सहा दिवसांत पुरा होतो, २८-३० ला आणखी लवकर. १५ अंशांना दहा दिवस ते दोन आठवडे, आणि १० अंशांना महिन्याच्या वर. म्हणून मुंबईतल्या मेच्या उकाड्यात जे औषध आठवड्यात काम करतं, तेच नाशिकच्या जानेवारीत हीटरशिवाय टाकलं तर निकामी वाटतं.

टप्पा १: आधी पाणी तपासा

अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही शून्य हवेत. नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली असलं तर ठीक. थेंब टाकून रंग पाहायचा किट घ्या. पट्ट्या सोयीच्या, पण त्यांचा अंदाज ढोबळ असतो.

याला पहिला नंबर का? दगडाला अंग घासणं, वर येऊन तोंड उघडझाप करणं, पर मिटून कोपऱ्यात बसणं ही लक्षणं इकची आहेत तशी अमोनियाचीही आहेत. अमोनिया चढलेल्या पाण्यात औषध टाकलं तर आधीच भाजलेल्या कल्ल्यांवर दुसरा मार बसतो. त्यात मेथिलिन ब्ल्यूसारखी औषधं फिल्टरमधल्या, अमोनिया संपवणाऱ्या उपयोगी जिवाणूंनाही मारतात आणि अमोनिया आणखी वाढतो.

अमोनिया किंवा नायट्राइट निघालं तर आज एक तृतीयांश पाणी बदला, उद्या पुन्हा तेवढंच, खाणं बंद. औषधाचा विचार दोन दिवसांनी.

> इशारा: महापालिकेचं पाणी अँटी-क्लोरीन टाकल्याशिवाय वापरू नका. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण प्राणवायू कमी असू शकतो. बादलीत बबलर (हवेचे बुडबुडे सोडणारा पंप) लावून ते काही तास खेळवा, मगच टाकीत घाला. टँकरचं पाणी असेल तर ते नळाचं समजूनच वागवा.

टप्पा २: हा खरंच इक आहे का?

याला दहा मिनिटं द्या. खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च काचेला तिरपा धरा आणि माशाचं निरीक्षण करा.

इक असेल तर ठिपके सुटे सुटे, मिठाच्या बारीक दाण्याएवढे, जवळपास सारख्या आकाराचे असतात. आधी परांवर आणि शेपटीवर दिसतात, मग अंगावर. एक-दोन दिवसांत संख्या वाढते.

आता ज्यांच्याशी गल्लत होते ते.

नर गोल्डफिशचे दाणे. कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेच्या जाड काट्यावर ओळीने पांढरे टिपके, बाकी अंग स्वच्छ, मासा खातोय, खेळतोय. नर वयात आल्याची ती खूण आहे, आजार नव्हे. एका ओळखीच्या घरी अशा ठणठणीत माशाला महिनाभर मेथिलिन ब्ल्यूच्या निळ्या पाण्यात ठेवलेलं मी पाहिलंय. शेवटी मासा त्या औषधानेच आजारी पडला.

व्हेल्व्हेट. तिरप्या उजेडात अंगावर सोनेरी-पिवळसर भुकटी चमकते. ठिपके इतके बारीक की मोजता येत नाहीत. हा झपाट्याने मारतो. या जीवाला उजेडातून अन्न मिळतं, म्हणून टाकी झाकून अंधारात ठेवणं हा त्याच्या उपचाराचाच भाग, सोबत व्हेल्व्हेटसाठी असलेलं तांब्याचं औषध.

कॉलम्नॅरिस. तोंडाभोवती कापूस चिकटल्यासारखं दिसतं, किंवा पाठीवर खोगीर घातल्यासारखा फिकट पट्टा. दिसायला बुरशी, पण हा जिवाणू. इथे चूक झाली तर मासा हातचा जातो, कारण इकसाठी पाणी गरम करतात आणि कॉलम्नॅरिस गरम पाण्यात भडकतो. ठिपके नसून चट्टा असेल तर हीटरला हात लावू नका.

एपिस्टायलिस. लहान-मोठे, किंचित केसाळ, कातडीच्या वर उभे राहिलेले ठिपके. सहसा पाणी घाण असताना येतात. इथेही उष्णता उलटते. आधी पाणी सुधारा.

लिम्फोसिस्टिस. परांच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी एक-दोन गाठोडी, आठवडेच्या आठवडे तशीच. विषाणूमुळे होतं, औषध नाही, बहुतेकदा आपोआप ओसरतं.

आणि उलट प्रकार: ठिपका एकही नाही, पण मासे वर येऊन धापा टाकतायत, पाणी तपासलं तर स्वच्छ, आणि आठवड्यापूर्वी नवा मासा आणलाय. इक फक्त कल्ल्यांत बसला असेल तर असं होतं.

शंभर टक्के खात्री सूक्ष्मदर्शकाखाली होते. अंगावरचा बुळबुळीत थर काचपट्टीवर हलकेच घेतला की गोल, सावकाश गरगरणारा जीव आणि त्याच्या आत घोड्याच्या नालेसारखं केंद्रक दिसतं. दुसऱ्या कुणाशी गल्लत होत नाही. रत्नागिरी, नागपूर किंवा उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयात शिकणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याला गाठा. स्वतः माशाचं अंग खरवडायला जाऊ नका.

> पडताळणी: एका माशाच्या फक्त शेपटीवरचे ठिपके मोजा, फोटो काढा, तारीख टाकून वहीत लिहा. पुढचे सगळे निर्णय या आकड्यावर घ्यायचे आहेत.

टप्पा ३: टाकीत खरं पाणी किती?

"दोन बाय एक बाय एक" फुटाची टाकी म्हणजे हिशेबाने ५६ लिटर, आणि बहुतेक लोक औषध त्याच आकड्यावर टाकतात. प्रत्यक्षात काठापर्यंत पाणी कुणी भरत नाही आणि तळाला खडी असते.

सेंटिमीटरमध्ये मोजा: आतली लांबी × रुंदी × खडीपासून पाण्याच्या पातळीपर्यंतची उंची, भागिले १०००. उदाहरणार्थ ६० × ३० × २० म्हणजे ३६ लिटर. पाच सेंटिमीटर खडीच्या फटींत आणखी साडेतीन-चार लिटर असतं. एकूण ४० धरा. ५६ च्या हिशेबाने टाकलं असतं तर डोस जवळजवळ दीडपट झाला असता. टेट्रा किंवा लोचसारख्या नाजूक माशांना एवढा फरक पुरतो.

टप्पा ४: सामान आणि टाकीची तयारी

उपचार सुरू केल्यावर बाजारात धावायची वेळ येऊ नये. जवळ हवं ते असं:

- थर्मामीटर. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, दोन-तीन अंशांचा फरक सर्रास असतो
- हीटर, लिटरला साधारण एक वॅट या हिशेबाने
- जादा बबलर. वीज जात असेल तर सेलवर चालणारा
- सायफनची नळी (तळातला गाळ पाण्यासकट ओढून काढणारी) आणि साबण कधीच न लागलेली बादली
- स्वयंपाकघरातला वजनकाटा
- जाडं मीठ

मीठ चमच्याने मोजू नका. जाड्या मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यांत बराच फरक पडतो. पुडीतलं बारीक मीठ नको, कारण ते मोकळं राहावं म्हणून त्यात इतर पदार्थ घातलेले असतात. आयोडीनची भीती मात्र लोक उगाच बाळगतात. सैंधव आणि काळं मीठही नकोच.

टाकीत करायच्या गोष्टी: फिल्टरमधला कार्बन (कोळशाचे दाणे) काढा. कार्बन औषध शोषून घेतो आणि आपण बिनऔषधाच्या पाण्यात दिवस मोजत बसतो. स्पंज आणि सिरॅमिक रिंग राहू द्या, टाकीतल्याच पाण्यात हलकेच पिळून. कोळंबी आणि गोगलगायी बिनमाशाच्या भांड्यात हलवा आणि दोन आठवडे तिथेच ठेवा. त्यांना इक होत नाही, पण शंखाला कोष चिकटून येऊ शकतो आणि औषध त्यांना सोसत नाही.

आजारी दिसणारा एकच मासा बाजूला काढून बाकी टाकी तशीच ठेवायची, हा आवडता उपाय आहे. त्याने काही साधत नाही. एका माशावर ठिपके दिसले म्हणजे तळ कोषांनी भरलेला आहे असंच समजा. सगळ्या टाकीवर उपचार करा.

> इशारा: हात घालण्यापूर्वी हीटर आणि पंपाचं बटण बंद. हातावर जखम असेल तर हातमोजे. इक माणसाला होत नाही, पण टाकीतले काही जिवाणू जखमेतून शिरतात.

टप्पा ५: रस्ता एकच निवडा

तीन रस्ते आहेत. दोन एकत्र केले की दुप्पट फायदा होतो असं नाही, बऱ्याचदा मासे जातात.

रस्ता अ: उष्णता आणि मीठ

गप्पी, मॉली, प्लॅटी, एंजल, गुरामी यांच्यासाठी माझी पहिली पसंती हीच.

तापमान दर काही तासांनी एक अंश, दिवसाला दोन-तीन अंश, असं चढवत ३० पर्यंत न्या. बबलर जोरात चालू ठेवा: २५ अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरला सुमारे ८.२ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना सुमारे ७.५. पाणी गरम झालं की माशाची गरज वाढते आणि साठा घटतो.

मीठ गप्पी-मॉली-प्लॅटीला लिटरला ३ ग्रॅम, एंजल-गुरामीला २ ग्रॅम. टेट्रा, कोरीडोरस, लोच, सकर असतील तर १ ग्रॅमच्या वर नको. एवढ्या मिठाचा एकट्याने फारसा परिणाम होत नाही, तिथे भिस्त उष्णतेवरच. पाणवनस्पती भरपूर असतील तरी हात आखडता घ्या, व्हॅलिसनेरियासारख्या वनस्पती मिठाने सडतात.

आपल्या ४० लिटरच्या टाकीला ३ ग्रॅमने १२० ग्रॅम मीठ होतं. ४०-४० ग्रॅमचे तीन भाग करा, प्रत्येक भाग तांब्याभर टाकीच्या पाण्यात विरघळवून बारा तासांच्या अंतराने फिल्टरच्या प्रवाहात ओता. खडे थेट टाकले तर तळाशी बसणाऱ्या माशाचं अंग भाजतं.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक: मीठ उडून जात नाही. पाण्याची वाफ झाली आणि पातळी उतरली तर साधं पाणी घाला. तुम्ही १० लिटर काढून १० लिटर नवं घातलं, तरच त्या १० लिटरचं, म्हणजे ३० ग्रॅम मीठ परत घाला. रोज "थोडं मीठ" टाकणाऱ्यांच्या टाकीत आठवड्यात खाडीचं पाणी तयार होतं.

गोल्डफिशला ३० अंश मानवत नाहीत. त्यांना २६ च्या आसपास ठेवा, मीठ ३ ग्रॅम, आणि दिवस जास्त मोजा.

> इशारा: टाकी उन्हात सरकवणं किंवा कढत पाणी ओतणं म्हणजे तापमान वाढवणं नव्हे. तासाभरात चार-पाच अंश चढले की मासा त्या धक्क्यानेच कोलमडतो.

रस्ता ब: औषध

टेट्रा, लोच आणि वनस्पती असलेली टाकी, किंवा रस्ता अ ने न हटलेला इक असेल तर हा. बाटलीवर मॅलाकाइट ग्रीन, किंवा मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मलिन दोन्ही लिहिलेलं असावं. प्रत्येक बाटलीतलं प्रमाण वेगळं असतं, म्हणून थेंबांचा आकडा मी देत नाही. लेबलवरचा डोस टप्पा ३ च्या लिटरवर मोजा. बिनखवल्यांचे मासे आणि टेट्रा असतील तर निम्मा.

क्रम असा: सायफनने तळ साफ, एक चतुर्थांश पाणी बदल, अँटी-क्लोरीन, मग औषध. एक दिवस सोडून पुन्हा हाच क्रम. मॅलाकाइट ग्रीन उजेडाने उतरतं, म्हणून संध्याकाळी टाका आणि टाकीतला दिवा बंद ठेवा. फॉर्मलिन पाण्यातला प्राणवायू खातं, तेव्हा बबलर दोन लावा आणि तापमान २८ च्या वर नेऊ नका.

> इशारा: बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती वापरू नका. जुन्या किंवा थंडीत राहिलेल्या फॉर्मलिनमध्ये तो तयार होतो आणि माशांना अतिशय विषारी असतो. मॅलाकाइट ग्रीन हाताला लागू देऊ नका, घरात कुणी गरोदर असेल तर तिने बाटली हाताळू नये, आणि खाण्यासाठी पाळलेल्या माशांवर ते कधीच वापरू नये.

दुकानात "व्हाइट स्पॉटचं औषध द्या" म्हटलं की बऱ्याचदा निळी बाटली हातात पडते. ते मेथिलिन ब्ल्यू. वेगळ्या भांड्यात ठीक आहे, पण मुख्य टाकीत इकवर ते कमजोर पडतं, फिल्टरचे जिवाणू मारतं, झाडं मारतं आणि काचेच्या सांध्यांतलं सिलिकॉन कायमचं निळं करतं.

हळद, कडुनिंबाचा पाला, तांब्याचं नाणं: तिन्ही मी टाक्यांत पाहिलंय. नाण्यातून पाण्यात किती तांबं उतरलं हे मोजता येत नाही, आणि तांब्यात उपाय आणि विष यांतलं अंतर फार थोडं असतं. बदामाचं पान फायटर (बेटा) माशाला चालतं, पण त्याने इक जात नाही.

रस्ता क: दोन बादल्या

एकच फायटर किंवा एक-दोन लहान मासे असतील तर औषधाशिवायही काम होतं. दोन स्वच्छ बादल्या घ्या, दोन्हींत सारख्या तापमानाचं, क्लोरीन घालवलेलं पाणी. मासा दर बारा तासांनी एकीतून दुसरीत हलवा. रिकामी झालेली बादली घासून, पुसून खणखणीत कोरडी करा. गळून पडलेला परजीवी कोष करतो, पण पिल्लं फुटायच्या आत मासा तिथून गेलेला असतो, आणि कोष कोरडेपणात मरतो. २७-२८ अंशांना सलग आठवडाभर. एकही फेरी चुकवायची नाही, रविवारीसुद्धा.

तोवर मूळ टाकी बिनमाशाची, २७-२८ अंशांवर दोन आठवडे चालू ठेवा. फिल्टरमधल्या जिवाणूंना उपाशी ठेवू नका, चिमूटभर खाणं टाकत राहा.

टप्पा ६: रोजचा क्रम

सकाळी तापमान बघा, शेपटीवरचे ठिपके मोजा, वहीत लिहा. मग सायफनने खडीच्या पोटातून पाणी खेचत एक चतुर्थांश पाणी काढा. नुसतं वरवरचं पाणी उपसून उपयोग नाही, कोष तळाला आहेत. एका कोषातून शेकडो पिल्लं निघणार असतील, तर नळीतून गेलेला प्रत्येक कोष औषधाच्या थेंबाइतकाच मोलाचा. नवं पाणी त्याच तापमानाचं, मीठ किंवा औषध गेलेल्या पाण्यापुरतं परत.

खाणं दिवसातून एकदा, नेहमीच्या निम्मं. उरलेलं पाच मिनिटांत काढा. दोन दिवसांआड अमोनिया तपासा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठिपके वाढतील. आधीच कातडीत शिरलेले आता मोठे होऊन दिसायला लागतात आणि उष्णतेने त्यांची वाढ वेगाने होते. नेमक्या या दिवशी लोक घाबरून दुसरी बाटली आणतात. माझ्या वहीतली एका गोल्डफिशची नोंद देतो, तापमान २६, मीठ ३ ग्रॅम: पहिला दिवस ११ ठिपके, तिसरा दिवस चाळिसाच्या पुढे, मोजणं सोडलं. सहावा दिवस शून्य. सातवा दिवस पुन्हा ३. नववा दिवस शून्य, आणि त्यानंतर शून्यच. मी थांबलो एकोणिसाव्या दिवशी.

> पडताळणी: मासा आडवा पडतोय, उसळ्या मारतोय, कल्ले नेहमीपेक्षा खूप जलद हलतायत? तो औषधाचा किंवा प्राणवायूचा त्रास. लगेच निम्मं पाणी बदला, बबलर वाढवा, रस्ता ब असेल तर कार्बन परत टाका. पुढचा डोस दोन दिवसांनी, निम्मा.

टप्पा ७: कधी थांबायचं

शेवटचा ठिपका दिसेनासा झाला त्या दिवसापासून मोजायला सुरुवात करा. पाणी २८-३० वर असेल तर आणखी ७ दिवस, २४-२६ वर असेल तर आणखी १० दिवस. एकूण उपचार १४ दिवसांपेक्षा कमी नको. मधेच एक जरी नवा ठिपका दिसला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. रस्ता ब मध्ये लेबलवर सलग किती डोस चालतात ते पाहा. मर्यादा आधी संपली तर डोस थांबवा, पण रोजचं सायफन आणि मोजणी चालू ठेवा. बादल्यांच्या रस्त्यात आठवडा पुरतो, कारण तिथे पिल्लांना मासा मिळतच नाही.

टप्पा ८: तरीही हटत नसेल तर

३० अंशांवर आठ दिवस उलटूनही नवे ठिपके येतायत? वेगळ्या थर्मामीटरने तापमान तपासा. टाकीच्या हीटरपासून दूरच्या कोपऱ्यात मोजा, तिथे २७ निघणं नवल नाही. रात्री वीज जाऊन पाणी गार होतंय का, ते पहाटे उठून बघा. कार्बन खरंच काढलाय का? लिटरचा हिशेब बरोबर आहे का? ठिपके सारख्या आकाराचेच आहेत ना, की टप्पा २ मध्येच चूक झाली?

सगळं बरोबर असेल तर उष्णतेला दाद न देणारे काही वाणही असतात. तेव्हा तापमान दिवसाला दोन अंश उतरवत २७ वर आणा, तीन-चार दिवस रोज पाणी बदलून मीठ कमी करा आणि रस्ता ब घ्या.

उपचार संपल्यावर

औषध असेल तर ताजा कार्बन दोन-तीन दिवस ठेवा, मग फेका. मीठ असेल तर दर तीन दिवसांनी एक चतुर्थांश पाणी बिनमिठाचं घालत ते उतरवा. तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी खाली. परांवर अजून फाटके भाग असतील तर ते स्वच्छ पाण्यात भरून येतात, त्यासाठी नवी बाटली नको.

बरा झालेला मासा काही काळ इकला तोंड देऊ शकतो, पण एखादा परजीवी त्याच्या कल्ल्यांत टिकून राहू शकतो. म्हणून महिनाभर टाकीत नवा मासा सोडू नका. त्याच्या अंगात ही ताकद नसते आणि पहिला बळी तोच ठरतो.

नवे मासे आणाल तेव्हा वेगळ्या भांड्यात तीन-चार आठवडे ठेवा, स्पंज फिल्टर आणि हीटरसह. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, मासा जाळीने उचला. कोष ओल्या झाडांवरूनही येतात, तेव्हा झाडांनाही बिनमाशाच्या पाण्यात दोन आठवडे काढू द्या. त्या भांड्याची जाळी मुख्य टाकीत घालायची नाही, वापरली की दोरीवर उन्हात वाळत टाका.